न्यायालयाच्या दारी मनोरुग्ण : न्यायसहायक मानसशास्त्राची तोंडओळख

आमच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून असे एखादे कुटुंब येते की ज्याच्यासोबत रुग्णच नसतो. रुग्ण पोलीस कोठडीत किंवा येरवड्याच्या कारागृहात असतो. आलेले वडील, थोरला भाऊ किंवा पत्नी एकच मागणी करतात : "साहेब, त्याचं डोकं ठिकाणावर नाही असा दाखला द्या, म्हणजे तो सुटेल." असा दाखला आम्हांस देता येत नाही, आणि का देता येत नाही हे बाहेर रांग ताटकळत असताना पाच मिनिटांत समजावून सांगणेही कठीण असते. म्हणून यंदाच्या अहवालात या विषयास थोडी अधिक जागा देण्याचे आम्ही ठरविले. भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांतील आपल्या कामाशी या विषयाचा संबंध वरवर दिसतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे, हे देणगीदार व विश्वस्त मंडळींसही कळावे, हा दुसरा हेतू.

प्रथम शब्दाविषयी. विष, रक्त, बंदुकीची गोळी यांची तपासणी करणाऱ्या शासकीय प्रयोगशाळेस आपल्या राज्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा म्हणतात. त्याच धर्तीवर, माणसाच्या मनाविषयी न्यायालयास पडलेल्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधणाऱ्यास न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ म्हणता येईल. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर; मुलाखती, चाचण्या व समुपदेशन करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राचा. न्यायालयीन कामात दोघेही लागतात, आणि आपल्याकडे हे काम करणारे बहुतेक जण मनोरुग्णालये, बाल न्याय मंडळे, कारागृहे व प्रयोगशाळा यांतून विखुरलेले आहेत. दूरचित्रवाणीवरील मालिकांत गुन्हेगाराच्या डोळ्यांत पाहून खरेखोटे ओळखणारा जो इसम दिसतो, त्याच्याशी या कामाचा फारसा संबंध नाही. तसे ओळखता येत नाही.

आता मूळ प्रश्न. माणूस मनोरुग्ण असेल तर कायदा त्यास शिक्षा करीत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा तसे म्हणत नाही. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या इसमाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांस गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करीत आहे, या भ्रमाने तो पछाडलेला होता. ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले, तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि वेडसरपणाचा बचाव नेमका केव्हा मान्य करावा याचे नियम तेथील न्यायाधीशांनी घालून दिले. त्याच विचाराची छाया १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ वर पडली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तो मजकूर तिच्या कलम २२ मध्ये जवळपास तसाच आहे. कृत्य करतेवेळी, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करीत आहोत हे किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे समजण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही.

या वाक्यातील "कृत्य करतेवेळी" हे शब्द सर्वांत जड आहेत. आजार आदल्या वर्षी होता किंवा आज आहे, एवढ्याने भागत नाही. दुसरी अट समजण्याची. झुडपाआड बिबट्याच आहे अशा भ्रमात कोणी कोयता चालविला आणि तेथे माणूस होता, तर त्यास आपल्या कृत्याचे स्वरूपच कळले नव्हते. परंतु शेजाऱ्याने करणी केली म्हणून म्हैस आटली, असे मानून कोणी शेजाऱ्यावर कोयता उगारला, तर आपण माणसास मारीत आहोत आणि मारणे गुन्हा आहे हे त्यास पुरते ठाऊक असते. शिवाय करणीवर विश्वास ठेवणारे गावात इतरही असतात, त्यामुळे तेवढ्यावरून त्यास मनोरुग्ण म्हणता येत नाही. वैद्यकाच्या दृष्टीचा वेडसरपणा आणि कायद्याच्या दृष्टीचा वेडसरपणा यांत जे अंतर आहे, त्यात अनेक कुटुंबांची आशा बुडते.

हे अंतर कसे ओलांडले जाते याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. एप्रिल १९९४ मध्ये पोलीस दलातील एका शिपायाने आपल्या पत्नीस वाटण्याच्या दगडाने ठार मारले. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यास कलम ८४ चा लाभ देऊन निर्दोष ठरविले. न्यायालयाने कोणत्या गोष्टी धरल्या ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या वडिलांसही मानसिक आजार होता. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते आणि संशयग्रस्त स्वरूपाच्या स्किझोफ्रेनियाचे निदान झालेले होते. घटनेनंतर, जून ते डिसेंबर १९९४ या काळात, त्यास पंचवीस वेळा उपचारांसाठी रुग्णालयात न्यावे लागले. नोकरी सोडण्यास पत्नीचा विरोध, हे खुनाचे कारण अगदीच दुबळे होते. कृत्य दिवसाढवळ्या झाले आणि त्याने लपण्याचा वा पळण्याचा प्रयत्न केला नाही. थोडक्यात, घटनेपूर्वीचे, घटनेच्या वेळचे व घटनेनंतरचे वर्तन जोडून न्यायालयाने त्या एका क्षणाचा अंदाज बांधला. यात "हा मनोरुग्ण आहे" असा नंतर मिळविलेला एखादा दाखला निर्णायक नव्हता. १९९२ सालापासूनच्या उपचारांचा इतिहास निर्णायक ठरला, आणि तो लिहिला जात असताना त्याचा पुढे असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

याउलट २०११ साली झारखंडमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच बचाव नाकारला. आरोपीजवळ मानसोपचाराची कागदपत्रे होती. परंतु तो औषधांचे दुकान व्यवस्थित चालवीत होता, गोळी झाडल्यावर त्याने साक्षीदारास धमकावले, पळून गेला आणि पिस्तूल विहिरीत टाकले. हत्यार लपविणाऱ्यास आपण गैर केले हे ठाऊक असते, असे न्यायालयाने मानले. आम्हांस हे दोन्ही निकाल योग्य वाटतात. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो हे खरे. तथापि तो भार फिर्यादी पक्षाइतका जड नसून दिवाणी दाव्याप्रमाणे शक्यतेचे पारडे झुकेल एवढाच असतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच सांगून ठेवले आहे.

न्यायसहायक मानसशास्त्रज्ञाकडे व्यक्ती येते ती घटनेनंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर औषधे सुरू झालेली असतात आणि भ्रम ओसरलेला असतो. मग त्या दिवसाचे मन कसे पाहावयाचे? त्याची पद्धत पुष्कळशी जुन्या दप्तरातून वंशावळ जुळविणाऱ्या कारकुनासारखी आहे. तो सुरुवातीसच सांगतो की, मी तुमच्यावर उपचार करण्यास आलेलो नाही, तुम्ही बोलाल ते न्यायालयापुढे जाऊ शकते. मग अनेक बैठकांत मुलाखती घेतो. मनोरुग्णालयाच्या कक्षात निरीक्षणासाठी ठेवले असेल तर परिचारिकांच्या रात्रंदिवसाच्या नोंदी वाचतो, कारण सोंग घेणाऱ्यास तासभराची मुलाखत निभावता येते, पण दहा रात्रींची झोप निभावता येत नाही. सोंग घेणारा बहुधा लक्षणांची रेलचेल करतो. खरा रुग्ण मात्र आपण ठणठणीत असल्याचेच सांगत राहतो. लक्षणे झाकणारा माणूस आमच्या बाह्यरुग्ण विभागातही रोजचा आहे.

चाचण्यांचा उपयोग होतो, पण बेताने. बुद्धिमापनासाठी कामत यांनी मराठी व कन्नड मुलांकरिता तयार केलेली बिने-कामत चाचणी किंवा अक्षरओळख नसलेल्यांसही देता येणारी भाटिया यांची कृतिचाचणी, अशी साधने आपल्याकडे अनेक दशके आहेत. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या बहुतांशी परदेशी, शहरी, शिकलेल्या माणसावर बेतलेल्या. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील धनगरवाड्यावरचा माणूस "मला आवाज ऐकू येतात" असे न म्हणता "बाहेरचं लागलंय" म्हणतो. भोरच्या हिर्डस मावळातील बाई "अंगात येतं" म्हणते, आणि तिच्या अंगात येणे हा आजार असेलच असे नाही. भाषेतला हा फरक न कळणाऱ्या परीक्षकाच्या हातून दोन्ही बाजूंनी अन्याय होण्याचा संभव असतो. म्हणून चांगला परीक्षक घरच्यांस, शेजाऱ्यांस, शाळामास्तरांस भेटतो. "गेल्या आषाढात लावणी अर्धी टाकून तो तीन दिवस बांधावर बसून होता," हे चुलत्याचे वाक्य कित्येकदा चाचणीच्या गुणांपेक्षा अधिक सांगून जाते, कारण त्यास काळ आहे आणि साक्षीदार आहे.

उपचार करणाऱ्याने हे परीक्षण करू नये, असा दंडक आहे आणि आम्ही तो पाळतो. आपल्या रुग्णाबद्दल आपणांस ममता असते. तटस्थ मत देणे आपले काम नव्हे. म्हणूनच सुरुवातीस सांगितलेला दाखला आम्ही देत नाही. आमच्या हाती राहते ते वेगळे, आणि आमच्या मते त्याहून मोलाचे : घटनेच्या कितीतरी आधी, कोणाच्याही बाजूने नव्हे, केवळ रुग्णासाठी लिहिलेला केस पेपर. त्यावर तारीख असते, निद्रानाश किती दिवसांचा, संशय कोणाचा, औषध कोणते आणि ते केव्हा सोडले हे असते. न्यायालयाने बोलाविल्यास मूळ कागद घेऊन आम्ही साक्षीस उभे राहतो. रुग्णाच्या संमतीविना अथवा न्यायालयाच्या आदेशाविना तो कोणासही दाखवीत नाही.

यासाठीच केस पेपर खरा असावा लागतो. विषारी औषध प्यायलेल्या माणसास घेऊन येणारे नातेवाईक "चुकून प्यायला असं लिहा" म्हणून हातापाया पडतात, कारण पोलिसांची धास्ती. त्यांस आम्ही सांगतो की, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २०१८ साली अमलात आल्यापासून आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि नव्या न्याय संहितेत तर जुने कलम ३०९ उरलेलेच नाही. पोलिसांकडे नोंद जाते; त्यास घाबरण्याचे कारण नाही. आज "चुकून" असे लिहिलेला कागद उद्या त्याच माणसाच्या आजाराचा पुरावा पुसून टाकतो.

निर्दोष ठरण्याचा प्रश्न पुढचा. त्याआधी एक प्रश्न येतो, ज्याची चर्चा फार कमी होते : आज हा माणूस खटल्यास तोंड देऊ शकतो काय? आपल्यावर आरोप काय आहे हे ज्यास कळत नाही, वकिलास काही सांगता येत नाही, त्याचा खटला चालविणे हा न्यायाचा केवळ देखावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून पुढे याची कार्यपद्धती आहे. दंडाधिकाऱ्यास शंका आल्यास जिल्हा शल्यचिकित्सक तपासणी करतात, तेथून व्यक्ती मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाते, आणि ती खटल्यास असमर्थ ठरली व तिच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा असला, तर उपचारांपुरता खटला थांबतो.

थांबलेला खटला पुन्हा सुरू करण्याची आठवण कोणास राहिली नाही, तर काय होते? आसाममधील माचांग लालुंग यांस १९५१ साली अटक झाली व तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९६७ साली रुग्णालयाने ते बरे असल्याचे कळविले. घरी जाण्याऐवजी ते कारागृहात गेले, आणि २००५ साली सुटले तेव्हा त्यांच्या आयुष्याची ५४ वर्षे गेलेली होती. खटला चाललाच नाही. हे टोकाचे उदाहरण आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या भेटीस वर्षानुवर्षे कोणी येत नाही, त्याची फाइल तळाशी जाते, हा अनुभव टोकाचा नाही. गुंजवणी किंवा नीरा खोऱ्यातल्या वाडीवरून येरवड्यास भेटीला जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी व एसटीचे दोन्ही वेळचे भाडे. त्यात गावात मान खाली गेलेली. भेटी कमी होत जातात त्या माया आटल्यामुळे नव्हे.

यावर कायद्याने एक वाट ठेवली आहे, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. अशा व्यक्तीस आंतररुग्ण म्हणून ठेवण्याची गरज नसेल, आणि जवळच्या वैद्यकीय केंद्रात तिचे नियमित बाह्यरुग्ण मानसोपचार करवून घेण्याची व तिच्या हातून स्वतःस वा इतरांस इजा होऊ न देण्याची हमी एखाद्या नातेवाइकाने वा स्नेह्याने दिली, तर न्यायालय तिला जामिनावर सोडू शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३० मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६९ मध्ये आहे. "जवळचे वैद्यकीय केंद्र" हे शब्द आमच्या दृष्टीने निव्वळ कायद्याचे राहत नाहीत. तालुक्यात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग नियमित चालत असेल, औषधे मिळत असतील व हजेरीची नोंद राहत असेल, तर भाऊ न्यायालयात हमी देऊ शकतो. तो नसेल तर हमी कशाच्या बळावर देणार? देणगीतून चालणारा हा विभाग एखाद्या माणसाच्या कोठडीत राहण्याचा किंवा घरी येण्याचा प्रश्न सोडवू शकतो, हे यावरून ध्यानी यावे. कोठडीत असलेल्यांस, तसेच स्त्रिया, मुले व मनोरुग्ण यांस उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

येथे नातेवाइकांच्या कानावर आणखी एक गोष्ट घालावीशी वाटते. कलम २२ खाली निर्दोष ठरला म्हणजे त्याच संध्याकाळी घरी आला, असे होत नाही. कृत्य त्याच्याच हातून घडले असे आढळल्यास न्यायालय त्यास सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या स्वाधीन करण्याचा आदेश देते. तेथेही औषधोपचाराची सोय कोठे आहे, हा प्रश्न येतोच.

आरोपीविषयी बरेच लिहिले. पीडितांविषयीही दोन शब्द हवेत. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यानुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो. न्यायालयात आक्रमक प्रश्नांस मनाई आहे आणि आरोपी बालकाच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करावी लागते. या तरतुदींमागे मानसशास्त्राचा साधा सिद्धान्त आहे. लहान मुलास तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला की त्याला वाटते आपले आधीचे उत्तर चुकले, आणि ते बदलते. म्हणून पालकांस आमची कळकळीची विनंती की, मूल काही सांगू लागल्यास ऐकून घ्यावे, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, आणि आत्या, मावशी, सरपंच अशा प्रत्येकापुढे ते वदवून घेऊ नये.

नार्को चाचणी, खोटे पकडण्याचे यंत्र इत्यादींबद्दल नेहमी विचारणा होते. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत आलेखावर आधारित चाचणी पुराव्यात धरली, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. आमच्या रुग्णालयात यांतील काहीही होत नाही.

आता कागदांच्या जपणुकीविषयी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे व मागणी आल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. खटले तीन वर्षांत संपत नाहीत, आणि आजाराची सुरुवात तर घटनेच्या दहा वर्षे आधीची असू शकते. म्हणून मानसोपचार विभागाचे बाह्यरुग्ण केस पेपरही नष्ट न करण्याचे धोरण आम्ही ठेवले आहे. अडचण पावसाची आहे. आपल्या भागात आषाढ-श्रावणात भिंतींनाही ओल सुटते, लाकडी फळीवरचे गठ्ठे बुरशीने चिकटतात आणि शाई पसरते. जुने कागद लोखंडी कपाटांत हलविणे व त्यांच्या प्रतिमा संगणकात साठविणे, ही दोन कामे त्यासाठी हाती घ्यावयाची आहेत.

कुटुंबांनीही आपल्याकडील कागद जपावेत. औषधांच्या चिठ्ठ्या, जुन्या दवाखान्याचे कार्ड, मुलाने शाळा सोडल्याचा दाखला, सारे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि येताना सोबत आणावे. डॉक्टरांकडे येण्यापूर्वी रुग्णास देवऋषाकडे किंवा मांढरदेवीला नेले असेल, तर तेही संकोच न करता सांगावे. कोणत्या पौषात नेले आणि त्या वेळी तो कसा वागत होता, हे आम्ही तारखेसह लिहून घेतो.